महागडा हेडफोन, साधा फोन आणि मेहुण्याचा शेरा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक बँकेत नोकरीला, वय 41. मुलं झोपल्यावर रात्री दहा ते साडेअकरा ही त्यांची गाणं ऐकायची वेळ. ख्याल, ठुमरी, जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं. यंदा पगाराची थकबाकी मिळाली, त्यातून त्यांनी सेनहायझरचा एचडी 650 हा हेडफोन घेतला. त्यांच्या अँड्रॉइड फोनला हेडफोनचं भोक नाही. घरात ॲपलचा छोटा डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसवून त्याला हेडफोन लावायचा जोड) पडून होता, त्यातून ते हेडफोन जोडतात. पहिला दीड महिना सुखाचा गेला. दिवाळीत पुण्याला मेहुण्याकडे तोच हेडफोन त्याच्या व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरवर, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या यंत्रावर ऐकला. आवाज भरदार, डग्गा पोटात घुमणारा. मेहुणा म्हणाला, "दाजी, फोनवर हा हेडफोन म्हणजे पैठणीवर रबरी चपला. अर्धाच ऐकताय तुम्ही." तेव्हापासून घरचं ऐकणं पातळ वाटतं, आवाज पूर्ण वाढवूनही विलंबित आलाप बारीकच येतो. मेहुण्याने सुचवलेला ॲम्प 28 हजारांचा आहे. पत्नी विचारतात, "आधी छान वाटत होतं ना?" पत्रलेखक विचारतात: ॲम्प्लिफायर खरंच लागतो का, की माझेच कान कमी पडतात?

---

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी गोषवाऱ्यात घेतलं नाही, इथे घेतो. "हल्ली मी गाणं ऐकत नाही, हेडफोन ऐकतो," असं तुम्ही शेवटी ता.क. म्हणून लिहिलंय. मला वाटतं पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. पण आधी तारा-जोडणीचं बघू, कारण त्यात एक खरीखुरी गडबड दिसते आहे आणि ती मेहुण्याने सांगितलेली नाही.

हेडफोनमधून आवाज येतोय, म्हणजे मध्ये कुठेतरी ॲम्प्लिफायर आहेच. तुमच्याकडे तो त्या बोटभर डोंगलच्या पोटात बसलाय. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की आहे तो पुरतो का.

एचडी 650 च्या माहितीपत्रकात दोन आकडे आहेत. 300 ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते, आणि 1 व्होल्टला 103 डेसिबल, म्हणजे तेवढ्या विजेत आवाज किती मोठा येतो ते. लोक पहिला आकडा बघून घाबरतात, कामाचा दुसरा आहे. ॲपलच्या डोंगलची जी आवृत्ती अमेरिकेत विकली जाते ती ॲपलच्याच यंत्रावर साधारण 1 व्होल्ट देते. युरोपातली निम्मं देते, तिथल्या आवाजमर्यादेच्या नियमांमुळे. म्हणजे पूर्ण व्होल्टला तुमचा हेडफोन 103 डेसिबलपर्यंत जातो आणि त्यासाठी त्याला लागतात जेमतेम 3.3 मिलिवॅट. चार्जरवरचा लाल ठिपका याहून जास्त खातो. आता रात्री निवांत ऐकताना सरासरी पातळी 70-75 डेसिबलच्या वर सहसा जात नाही. गायकाने तार षड्ज लावला, तबल्यावर सम पडली, की क्षणभर 15 ते 20 डेसिबलची उडी. ही उडी धरूनही 95 च्या आसपास थांबतो आपण. कागदावर सात-आठ डेसिबल शिल्लक राहतात.

मग तुमच्याकडे पूर्ण आवाजावरही आलाप बारीक का येतो?

मला संशय आहे तो डोंगल आणि फोनच्या जोडीवर. हा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पूर्ण जोर लावत नाही. डोंगलच्या आत आवाजाची स्वतःची एक चावी असते. आयफोन ती पूर्ण उघडतो, अनेक अँड्रॉइड फोन ती अर्धवटच सोडतात आणि वरचा कमी-जास्तपणा स्वतःपुरता करत बसतात. पडद्यावरची पट्टी शंभर टक्के दाखवते, पण बाहेर येतं ते निम्मं किंवा त्याहून कमी व्होल्टेज. सोसायटीच्या नळासारखं आहे हे. आपण घरातला नळ पूर्ण सोडलेला असतो, पण गच्चीवरचा कॉक कुणीतरी अर्धाच फिरवून गेलेलं असतं. व्होल्टेज निम्मं झालं की 6 डेसिबल जातात. त्यात तुमची जुनी मैफल कुणीतरी टेपवरून उतरवताना आधीच दबक्या पातळीवर चढवलेली असली, तर आणखी दहा गेलेच. मग शिल्लक कसली, खड्डाच पडला.

याची खातरजमा फुकट होते. आज रात्री तोच डोंगल लॅपटॉपला लावा. यूएसबी-सीचं भोक असलेला कुठलाही चालेल, ऑफिसचा असला तरी हरकत नाही. तीच मैफल, तोच आलाप. तिथे आवाज वाढवता वाढवता तुम्हाला मध्येच हात आवरावा लागला, तर दुखणं सापडलं. मग औषध 28 हजारांचं नाही. 2 व्होल्ट देणारा, अँड्रॉइडवर नीट चालणारा दुसरा डोंगल घ्या. तीन ते आठ हजारांत असे बरेच मिळतात. 2 व्होल्टला तुमचा हेडफोन 109 डेसिबलपर्यंत जातो, दबक्या मैफलींसाठीही ते पुरेसं आहे. खरेदी करताना दुकानदाराला "किती मिलिवॅट" असं विचारू नका, कारण ते आकडे बहुधा 32 ओहमच्या हेडफोनसाठी मोजून फुगवलेले असतात. "300 ओहमला किती व्होल्ट देतो" हे विचारा. उत्तर न देता त्याने सोनेरी मुलामा दाखवायला सुरुवात केली तर दुसऱ्या दुकानात जा.

मेहुण्याकडे काय झालं, ते आता. तुम्हाला फरक ऐकू आला, तो भास होता असं मी म्हणणार नाही. तुमचे कान चांगले आहेत. फरकाचं कारण मात्र मेहुण्याने सांगितलं ते नसावं.

एचडी 650 वर 300 ओहम लिहिलेले असले तरी तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नाही. 80 ते 100 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे साधारण जिथे डग्गा घुमतो तिथेच, तो 500 च्या घरात चढतो. ॲपलच्या डोंगलचा स्वतःचा अंतर्गत रोध 1 ओहमच्या आसपास, त्यामुळे त्याला या चढ-उताराने काही फरक पडत नाही. पण व्हॉल्व्हच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरांचा, विशेषतः ज्यांत बाहेरच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर नसतो त्यांचा, रोध चांगला दणदणीत असतो. तो 120 ओहम धरला तर गणिताने डग्ग्याच्या भागात साधारण 1 डेसिबलची उभारी येते. एक डेसिबल ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ते एका सुराला नाही, अख्ख्या खर्जाला मिळतं. त्यालाच आपण "भरदार", "ऊबदार" म्हणतो. त्यात व्हॉल्व्हचा तो नारिंगी उजेड. ज्यांच्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना त्या उजेडाबरोबर सकाळच्या बातम्या आणि चहाचा वास आठवल्याशिवाय राहत नाही. ऐकण्यात हे सगळं मिसळतं.

तर मेहुण्याचा ॲम्प हेडफोनमध्ये झाकून राहिलेलं काही उघडून दाखवत नव्हता, तो हेडफोनचा स्वर थोडा बदलत होता. आवडला तर जरूर आवडू द्या, त्यात चूक काही नाही. मसालेभात आवडला म्हणून साधं वरण अर्धं शिजलेलं ठरत नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट मेहुण्याकडे जवळपास नक्की झाली असणार. तिथे आवाज मोठा होता. आपला कान दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज "मोठा" म्हणून ओळखत नाही, "चांगला" म्हणून ओळखतो. दोनेक डेसिबलचा फरक असला की माणूस "खोली", "मोकळेपणा", "वाद्यांमधली हवा" असले शब्द वापरू लागतो. मीही वापरलेत. काही वर्षांपूर्वी नवा ॲम्प घेतला तेव्हा जुन्या-नव्याची तुलना करायला मी एक स्विचचा डबा जोडून घेतला होता. एकीकडे जुना, एकीकडे नवा, मध्ये खटका. तीन संध्याकाळी वही घेऊन बसलो. नव्या ॲम्पवर तानपुऱ्याची जवारी कशी उलगडते, याच्यावर दीड पान लिहिलं. चौथ्या दिवशी धूळ पुसायला डबा उलटा केला तर तारा उलट्या जोडलेल्या. दीड पान जुन्या ॲम्पची स्तुती होती. वही अजून आहे, बायकोने फेकू दिली नाही.

म्हणून 28 हजार मोजायच्या आधी पातळ्या जुळवून ऐका. यासाठी लागतं ते असं: हेडफोनचे दोन फाटे करणारा स्प्लिटर, एक ऑक्स केबल आणि मल्टिमीटर. एका फाट्यात हेडफोन, दुसऱ्यात ऑक्स केबल. केबलचं दुसरं टोक मोकळं राहतं, त्या पिनच्या अगदी टोकाला एक सुई आणि मुळाच्या रिंगला दुसरी. फोनवर 60 हर्ट्झचा सलग सूर लावायचा (असे सूर काढणारी फुकट ॲप्स मिळतात) आणि एसी व्होल्ट वाचायचे. मीटर निवडताना मात्र लक्ष द्या. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची रेंज थेट 200 व्होल्टपासून सुरू होते. त्याच्यावर अर्धा व्होल्ट आणि पाऊण व्होल्ट यांत फरक कळायचा नाही. 2 व्होल्टची रेंज किंवा आपोआप रेंज बदलणारा मीटर हवा. आणि हे करताना हेडफोन टेबलावर असू द्या, डोक्यावर नको.

समजा डोंगलवर 0.20 व्होल्ट आले. ॲम्पची गोल चावी फिरवून तिथेही 0.20 च आणायचे. 12 टक्के चुकलात तर 1 डेसिबल चुकलात आणि निकाल बाद. एक टक्क्याच्या आत आलात की ऐकायला बसा. अदलाबदल दुसऱ्या कुणी करायची, तुम्ही डोळे मिटायचे. दहा वेळा. नऊ-दहा वेळा बरोबर ओळखलंत तर फरक आहे. मग तो फरक किती रुपयांचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. पाच-सहा वेळा बरोबर आलात, तर नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं.

2011 साली एका टोपणनावाच्या माणसाने हाच वाद अंगावर घेतला होता. नाव-गाव न सांगता तो स्वतःला एनडब्ल्यूएव्हीगाय म्हणवायचा. त्याने ऑब्जेक्टिव्ह 2 नावाच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. म्हणणं एवढंच, की मोजमापात स्वच्छ असलेला ॲम्प बांधायला फार पैसे लागत नाहीत आणि एकदा तो स्वच्छ झाला की पुढचे पैसे पेटीला, वजनाला आणि नावाला जातात. 2012 मध्ये तो लिहायचा थांबला तो थांबलाच. त्याच्या काही मतांबद्दल माझे आक्षेप आहेत, पण ॲम्प अजूनही लोक बांधतात.

याच सदरासाठी गेल्या काही महिन्यांत असल्या प्रश्नाची आणखी पत्रं आली आहेत, त्यांतल्या प्रत्येकाला "ॲम्प नको" असं उत्तर मी देणार नाही. काही हेडफोनना तो हवाच. स्टॅक्ससारखे इलेक्ट्रोस्टॅटिक घ्या. त्यांच्या आत आवाज काढणारा जो पातळ पडदा असतो त्याला 580 व्होल्टचा दाब द्यावा लागतो, तो देणारं खास यंत्र नसेल तर हेडफोन म्हणजे शोभेची वस्तू. हायफायमनचा जुना एचई-6 हा दुसरा नमुना. त्याच्यावर 50 ओहम लिहिलंय, म्हणजे ओहम बघणाऱ्याला वाटेल सोपा गडी. पण 1 मिलिवॅटला तो देतो फक्त 83.5 डेसिबल. 110 पर्यंत न्यायचा तर जवळपास 450 मिलिवॅट लागतात. तुमच्या 300 ओहमच्या एचडी 650 ला त्याच पातळीसाठी 17 मिलिवॅट पुरतात. कुणाचा हेडफोन "अवघड" आहे हे ओहमवरून ठरवू नका असं मी म्हणतो ते यासाठी. बायरडायनॅमिकचा डीटी 880 तर एकाच नावाने 32, 250 आणि 600 ओहममध्ये मिळतो. कुणी "मला डीटी 880 ला ॲम्प लागला" म्हणाला तर कुठला, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

उलट कानात घालायचे नाजूक इयरफोन फार जोराच्या ॲम्पवर लावले की गाण्याआधी फुसफुस ऐकू येते आणि चावी जरा फिरवली की कान फाटतो. ब्लूटूथवाल्यांनी तर हा लेख इथेच मिटवावा. त्यांचा ॲम्प हेडफोनच्या आत आहे, बाहेरून घातलेल्या पैशांचा त्याला पत्ताही लागणार नाही. आणि 2021 पासूनचा 14 किंवा 16 इंची मॅकबुक प्रो ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी त्याच्या हेडफोनच्या भोकात आपला हेडफोन लावून बघावा. 150 ओहमच्या वरचा हेडफोन ओळखला की ते भोक 3 व्होल्टपर्यंत देतं. घरात ॲम्प असून दारोदार हिंडणारे मी पाहिलेत.

आता तुमच्या डग्ग्याचं. तो घुमारा तुम्हाला मनापासून आवडलाय, हे पत्रात तीनदा आलंय. तो हवा असेल तर इक्वलायझर, म्हणजे खर्ज-तार हवे तसे कमी-जास्त करणारं ॲप वापरा. एचडी 650 चा पाठीमागचा भाग उघडा असल्याने अगदी खालचा खर्ज त्यातून निसटतो. 100 हर्ट्झच्या खाली 3 डेसिबल वाढवून बघा. व्हॉल्व्हने दिलेल्या एका डेसिबलपेक्षा हे कितीतरी जास्त आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, विंडोजवर इक्वलायझर एपीओ. खर्ज वाढवला की एकूण पातळी तेवढीच खाली घ्यायची, नाहीतर आवाज फाटतो. इथे त्या 2 व्होल्टच्या डोंगलचा दुसरा फायदा: खाली घेतलेलं भरून काढायला जोर शिल्लक राहतो.

वर्षा-दोन वर्षांनी इयरपॅडही बघा. दाबून दाबून ते चपटे होतात, कान पडद्याच्या जवळ जातो आणि स्वर बदलतो. हा बदल दोन चांगल्या ॲम्पमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, तरी पॅडबद्दल कुणी दिवाळीत बोलत नाही.

नवा डोंगल आला की एक सावधगिरी. आतापर्यंत पट्टी शंभरावर ठेवायची बोटांना सवय लागली आहे, ती आधी मोडा. गाणं लावायच्या आधी पट्टी शून्यावर आणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबल फक्त 4 तास. तुमचे रोजचे दीड तास धरले तर आठवड्याचे साडेदहा होतात.

राहिला ता.क. दीड महिना तुम्ही रोज दीड तास आनंदाने ऐकत होतात. त्या रात्री तार तीच होती, डोंगल तोच होता. मधल्या काळात तुमच्या घरात नवी आलेली वस्तू एकच, "अर्धाच" हा शब्द. मेहुण्याने तो वाईट हेतूने म्हटला असेल असं मुळीच नाही. ज्याला छंद लागतो त्याला दुसऱ्यालाही त्यात ओढायचं असतं, आणि ओढायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे समोरच्याला काहीतरी कमी आहे असं सांगणं. पण पूर्ण असं या प्रकरणात काही नसतं. 28 हजारांच्या ॲम्पवाल्याला अर्धा म्हणणारा दीड लाखवाला आहे, आणि त्याच्यावरही कुणीतरी बसलाय. तुम्ही ज्या मैफली ऐकता त्या तर कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर, खोकणाऱ्या श्रोत्यांसकट घेतलेल्या. 78 आरपीएमच्या तबकडीवरची खरखर कुठल्याही ॲम्पने जात नाही, जास्त स्वच्छ मात्र ऐकू येते.

पत्नीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. "हो, छान वाटत होतं" हे खरं उत्तर आहे, ते देऊन टाका. त्यानंतर डोंगलचा खर्च मांडला तर सोपं जाईल, आणि आंधळ्या चाचणीत खटका फिरवायला माणूसही तेच मिळेल.

लॅपटॉपवर काय झालं ते मला कळवा. तिथेही आलाप बारीकच आला तर माझा संशय चुकला, मग तो डोंगल अर्ध्या व्होल्टवाला आहे का ते मीटरवर बघू. आणि पुन्हा पुण्याला जाल तेव्हा स्प्लिटर आणि मीटर बॅगेत असू द्या. चहा उकळेपर्यंत पातळ्या जुळवून होतात. डोळे आधी मेहुण्याला मिटायला सांगा.